नख लावायला सगळेच शिकवतात, काढायला कोण?

हाताचं नख महिन्याला साधारण तीन ते साडेतीन मिलिमीटर वाढतं. मुळाशी तयार झालेलं नख टोकापर्यंत पोचायला सहाएक महिने जातात. पायाच्या अंगठ्याचं नख वर्ष-दीड वर्ष घेतं. आता व्हॉट्सॲपच्या स्टेटसवर फिरणाऱ्या जाहिराती वाचा: ‘तीन दिवसांत नेल आर्टिस्ट बना, किट आणि सर्टिफिकेटसह’. तीन दिवसांत शिकलेल्या हाताने एखादीचं नख चुकीचं घासलं, तर ते भरून यायला सहा महिने लागणार. रिद्धपुरातल्या किंवा आसपासच्या गावातल्या, बारावी झालेल्या आणि नखांच्या कामात पडू पाहणाऱ्या मुलीने कोर्स निवडताना हा हिशेब आधी मांडावा. फीचा हिशेब त्यानंतर.

रिद्धपूर मोर्शी तालुक्यातलं. गोविंदप्रभूंचं गाव, महानुभावांचं मोठं तीर्थ, आणि आता मराठी भाषा विद्यापीठाचंही गाव. इथली मुलगी हे काम शिकायला निघाली तर वाट चांदूर बाजार, मोर्शी, परतवाडा किंवा अमरावतीची, आणि ऐपत व हौस दोन्ही असली तर नागपूरची. घरातून पहिला प्रश्न ठरलेला: ‘नखं रंगवाचाबी क्लास असते काय व माय?’ या प्रश्नाला हसू नये, त्यात तथ्य आहे. नखांची निगा गावाला नवी नाही. न्हाव्याच्या धोकटीत वस्तऱ्याशेजारी नराणी असायचीच. टाचा घासायला न्हाणीत वजरी असे, लग्नाकार्यात मेंदी. कापणं, घासणं, रंगवणं हे सगळं कुणाच्याही क्लासला न जाता चालत आलं. नवीन आली ती रसायनं. आजची नेल टेक्निशियन नखावर प्लास्टिक घडवते, तेही माणसाच्या जिवंत बोटावर, आणि क्लास लागतो तो एवढ्यासाठीच.

हे प्लास्टिक आलं दातांच्या दवाखान्यातून. 1954 मध्ये अमेरिकेत फ्रेड स्लॅक नावाच्या दंतवैद्याचं काम करताना नख तुटलं. त्याने दात भरायचं ॲक्रिलिक घेतलं, नखाखाली ॲल्युमिनियमच्या कागदाचा आधार दिला आणि तुटलेलं नख पुन्हा घडवलं. आज पार्लरमध्ये द्रव आणि पावडर कालवून ब्रशच्या टोकावर जो मणी उचलतात, तो त्याच घराण्यातला. द्रवातले छोटे रेणू एकमेकांना जोडले जाऊन लांब साखळ्या बनतात आणि मिश्रण दगडासारखं घट्ट होतं. जेलचंही तसंच, फरक एवढाच की जेलमधल्या साखळ्या दिव्याच्या अतिनील किंवा जांभळट प्रकाशात जुळतात. जेलमध्ये प्रकाश शोषून ही क्रिया सुरू करणारा घटक असतो, त्याला ठरावीक तरंगलांबीचा प्रकाश ठरावीक वेळ मिळावा लागतो. म्हणून जेल एका कंपनीचं आणि दिवा बाजारातला कुठलाही, हे जमवणं धोक्याचं. वरून कडक दिसतं, आत कच्चं राहतं.

कच्चं राहिलं तर काय बिघडतं, हे ज्या क्लासमध्ये पहिल्याच दिवशी सांगत नाहीत तो क्लास सोडावा, असं माझं स्पष्ट मत आहे. न जुळलेले ॲक्रिलेटचे रेणू कातडीला लागत राहिले की ॲलर्जी होऊ शकते. बोटांच्या टोकांना खाज, लाली, भेगा, नख सुटणं. एकदा झालेली ही ॲलर्जी सहसा जन्मभर राहते. शिवाय हीच रसायनांची कुळी दातांच्या सिमेंटमध्ये आणि हाडांच्या शस्त्रक्रियेतल्या सिमेंटमध्येही असते, म्हणजे विशीत नखांमुळे जडलेली ॲलर्जी साठीत गुडघा बदलताना आडवी येऊ शकते. त्यात गिऱ्हाइकापेक्षा काम करणारीला धोका जास्त. गिऱ्हाईक महिन्यातून एकदा येतं, ती रोज दिवसभर त्यातच असते. युरोपीय संघाने 2020 मध्ये नियम करून ‘हेमा’ नावाचा घटक असलेली नखांची उत्पादनं फक्त व्यावसायिकांनी वापरावीत असं ठरवलं, आणि जेलमध्ये प्रकाश शोषणारा ‘टीपीओ’ हा घटक 1 सप्टेंबर 2025 पासून सौंदर्यप्रसाधनांतून बंदच केला. आपल्या बाजारात मिळणाऱ्या बाटलीवर ही अक्षरं आहेत का, हे भिंग घेऊन वाचायची सवय शिकवणारीने लावायला हवी. घटकांची यादी, बॅच नंबर, मुदत यांतलं काहीच छापलेलं नसेल तर ती बाटली किटमध्ये फुकट मिळाली तरी घेऊ नये.

ॲक्रिलिकच्या द्रवाची आणखी एक गोम आहे. चांगल्या द्रवात एथिल मेथाक्रिलेट असतं. स्वस्तातल्यात मेथिल मेथाक्रिलेट निघू शकतं, ज्याला धंद्यात ‘एमएमए’ म्हणतात. 1970 च्या दशकात नखांना इजा आणि कातडीचे विकार झाल्याच्या तक्रारी आल्यावर अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने निव्वळ एमएमएच्या नखद्रवांवर कारवाई केली होती. ओळखायच्या खुणा सोप्या आहेत: वास फार उग्र, बसलेलं नख अतिशय टणक, आणि ॲसिटोनमध्ये भिजवलं तरी लवकर न सुटणारं. असं नख कुठे अडकून ओढलं गेलं तर ते स्वतः तुटत नाही, खालचं खरं नख घेऊन निघतं.

इथे कोर्स निवडण्याची माझी मुख्य कसोटी येते. फोन करून ‘काय काय शिकवता?’ असं विचारू नका. उत्तरात वीस डिझाइनांची नावं येतील: फ्रेंच, ऑम्ब्रे, कॅट आय, क्रोम, थ्रीडी फुलं. विचारायचं ते एकच: ‘मॅम, काढायला किती दिवस शिकवता?’ यावर पलीकडे क्षणभर शांतता पसरली तर समजून घ्या.

काढणं हे लावण्यापेक्षा कठीण काम आहे. जेल पॉलिश असेल तर आधी वरचा चकाकता थर हलक्या हाताने घासून मोडायचा, म्हणजे ॲसिटोन आत शिरेल. आजूबाजूच्या कातडीला तेल किंवा क्रीम लावायचं. ॲसिटोनमध्ये भिजवलेला कापूस नखावर ठेवून फॉइल गुंडाळायची आणि दहा-पंधरा मिनिटं थांबायचं. मग लाकडी काडीने, नख न खरवडता, फुगलेलं जेल अलगद लोटायचं. सुटलं नाही तर पुन्हा कापूस, पुन्हा फॉइल. नवशिक्या हाताची परीक्षा या ‘पुन्हा’लाच होते. समोर गिऱ्हाईक घाई करत असतं, बाहेर दुसरी बसलेली असते, आणि हात पटकन धातूच्या पुशरकडे जातो. जोर देऊन उचकटलेल्या जेलबरोबर नखाचे पापुद्रे निघतात. नख पांढुरकं, कागदासारखं लवचिक होतं आणि गरम चहाचा कप धरला तरी झोंबतं. बिल्डर जेलचे काही प्रकार तर ॲसिटोनमध्ये विरघळतच नाहीत. ते घासूनच उतरवावे लागतात आणि शेवटचा पातळ थर मुद्दाम ठेवावा लागतो. तो थर बोटाला जाणवायला लागेपर्यंत सराव लागतो. (त्या लाकडी काडीला इंग्रजीत संत्र्याच्या झाडाचं नाव आहे, कारण मुळात ती त्याच लाकडाची करत. मोर्शी-वरुडच्या संत्र्याच्या मुलखात ती बाहेरून विकत आणावी लागते, ही गंमतच.)

स्वच्छतेचं शिक्षण ही दुसरी कसोटी. पार्लरमध्ये निळ्या दिव्याची एक पेटी असते, तीत कात्र्या-पुशर ठेवले की निर्जंतुक झाले असा समज आहे. तसं होत नाही. तो दिवा फार तर पृष्ठभागावर पडतो, सांध्यात शिरत नाही. डेटॉलच्या पाण्यात बुडवणंही पुरेसं नाही. हिपॅटायटिस बीचा विषाणू वाळलेल्या रक्ताच्या ठिपक्यात, साध्या खोलीत, किमान सात दिवस तग धरतो, आणि क्युटिकल, म्हणजे नखाच्या मुळाशी असलेली कातडी, कापताना रक्ताचा ठिपका येणं काही दुर्मीळ नाही. धातूची हत्यारं आधी साबण-ब्रशने घासून धुवावीत, मग ऑटोक्लेव्हमध्ये घालावीत. ऑटोक्लेव्ह म्हणजे मोजूनमापून चालणारा प्रेशर कुकरच: पंधरा पौंड दाब, 121 अंश तापमान, कमीत कमी पंधरा मिनिटं. फाइल आणि बफर सच्छिद्र असतात, ते निर्जंतुक होत नाहीत. एका गिऱ्हाइकाला एक, मग फेकून द्यायचे किंवा तिच्याच नावाच्या पाकिटात ठेवायचे. क्लास बघायला जाल तेव्हा कचऱ्याच्या डब्यात डोकवा. वापरलेल्या फाइल तिथे दिसतात का? दिसल्या नाहीत तर त्या परत कुणाच्या तरी बोटावर फिरत आहेत.

आणि तिसरं, हात न लावण्याचं शिक्षण. आमच्याकडे नखुरडं झालेलं बोट घेऊन बाई येते आणि म्हणते, ‘वरून पॉलिश लावून दे, लगनात दिसते.’ लावायचं नाही. नखाखाली हिरवट डाग असेल तर उचललेल्या एक्स्टेन्शनखाली, म्हणजे लांबीसाठी जोडलेल्या नखाखाली, ओल साचून जंतू वाढले आहेत. झाकायचं नाही, काढायचं आणि सुकू द्यायचं. जाड, पिवळं, भुसभुशीत नख म्हणजे बुरशीची शक्यता. नखात उभी काळी रेघ नव्याने दिसली आणि रुंद होत चालली असेल तर त्वचारोगतज्ज्ञाकडे. साखरेच्या रुग्णाच्या पायाला कात्री लावताना दहादा विचार, कारण तिला बधिरपणामुळे जखम कळत नाही आणि ती लवकर भरतही नाही. यावर किमान एक दिवस, फोटो दाखवून, बोललं गेलं पाहिजे.

आता हे सगळं किती तासांत शिकून होतं? आपल्याकडे नखांचं काम करायला कायद्याने परवाना लागत नाही, त्यामुळे तासांचं बंधनही नाही. अमेरिकेत राज्याराज्यांत आहे. कॅलिफोर्नियात मॅनिक्युरिस्ट व्हायला 400 तासांचं प्रशिक्षण आणि परीक्षा लागते, न्यूयॉर्कमध्ये 250 तास. तीन दिवसांची कार्यशाळा, रोज सहा तास धरले, तर अठरा तासांची होते. मी कॅलिफोर्नियाचा नियम मोर्शीला लावा असं म्हणत नाही. पण अठरा आणि अडीचशे यांतलं अंतर लक्षात असू द्यावं.

या कॅलिफोर्नियातच नखांच्या प्रशिक्षणाची सर्वांत प्रसिद्ध तुकडी घडली. 1975 मध्ये व्हिएतनाम युद्ध संपल्यावर निर्वासितांची एक छावणी सॅक्रामेंटोजवळ होती, होप व्हिलेज नावाची. हिचकॉकच्या ‘द बर्ड्स’मधली नटी टिपी हेड्रन तिथे मदतीला जात असे. छावणीतल्या बायका तिच्या नखांकडे पाहत राहतात हे तिच्या ध्यानात आलं. तिने आपल्या मॅनिक्युरिस्टला बोलावून घेतलं, जवळच्या एका ब्यूटी स्कूलला तयार केलं आणि वीस बायकांना हे काम शिकवलं. त्यांनी परवान्याची परीक्षा दिली, नोकऱ्या धरल्या, मग बहिणी-भावजयांना शिकवलं. आज अमेरिकेतल्या नेल टेक्निशियनपैकी निम्म्याच्या आसपास व्हिएतनामी वंशाच्या आहेत. ही गोष्ट सांगताना लोक नटीच्या चांगुलपणावर थांबतात. मला त्यात शिक्षणाचा क्रम दिसतो: साधं मॅनिक्युअर आधी, खऱ्या हातांवर, शिकवणारी शेजारी उभी, आणि शेवटी परक्या परीक्षकासमोर परीक्षा. जिने शिकवलं तिनेच पास केलं, असं तिथे नव्हतं.

आपल्या मुलीपुढे काय काय वाटा आहेत? सर्वांत कमी खर्चाची वाट ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेची, म्हणजे आरसेटीची. 1982 मध्ये कर्नाटकातल्या उजिरे इथे धर्मस्थळाच्या पुढाकाराने सुरू झालेल्या प्रयोगावरून देशभर जिल्ह्याजिल्ह्यात बँकांनी या संस्था उघडल्या. ब्यूटी पार्लरचा साधारण महिन्याभराचा निवासी कोर्स, शिकवणं, राहणं, जेवण फुकट, वयाची अट साधारण 18 ते 45. बचत गटातल्या ताईला विचारलं तरी पुढच्या बॅचची तारीख कळते. यात नखांना वाटा थोडाच: मॅनिक्युअर, पेडिक्युअर, पॉलिश. एक्स्टेन्शनची अपेक्षा ठेवू नये. पण हिशेब लिहिणं, दर ठरवणं, बँकेत कागद नेणं हे इथे शिकवतात, आणि पुढे दोन वर्षं संस्था विचारपूस करते. बहुतेक खासगी अकादम्या फीचा शेवटचा हप्ता मिळाला की विचारपूस थांबवतात.

दुसरी वाट आयटीआयची. बेसिक कॉस्मेटॉलॉजी हा दहावीनंतरचा एका वर्षाचा ट्रेड. प्रवेश ऑनलाइन, गुणवत्तेवर, उन्हाळ्याअखेरीस; हा ट्रेड प्रत्येक आयटीआयमध्ये असतोच असं नाही, तेव्हा यादी पाहून मगच पर्याय भरावेत. वर्षभर चेहरा, केस, हात-पाय सगळंच शिकावं लागतं, आणि ज्यांना फक्त नखंच करायची आहेत त्यांना ते लांबलचक वाटतं. माझ्या मते मोर्शी-चांदूर बाजारसारख्या भागात फक्त नखांवर बारा महिने पोट भरणं अवघड आहे. त्यामुळे ते ‘लांबलचक’च कामाला येतं.

तिसरी सरकारी वाट कौशल्य केंद्रांची. राष्ट्रीय कौशल्य चौकटीत ब्यूटी अँड वेलनेस क्षेत्राच्या कौशल्य परिषदेने सहायक नेल टेक्निशियन आणि नेल टेक्निशियन अशी दोन वेगवेगळी कामं ठरवून दिली आहेत. प्रत्येकात काय यायला हवं याची लेखी यादी आहे. केंद्र जवळ नसलं तरी ती यादी मिळवून ठेवावी. खासगी अकादमीचं माहितीपत्रक तिच्याशेजारी ठेवून वाचलं की काय गाळलंय ते लगेच दिसतं. बहुधा स्वच्छता आणि काढणं.

राहिल्या खासगी अकादम्या, अमरावतीतल्या आणि नागपुरातल्या. चांगल्या आहेत, वाईटही आहेत, आणि दोन्हींच्या पाट्या सारख्याच गुलाबी. ‘आयएसओ प्रमाणित’ या शब्दांना भुलू नये. ते कार्यालयाच्या व्यवस्थापनाचं प्रमाणपत्र असतं, शिकवण्याचं नाही. ‘इंटरनॅशनल सर्टिफिकेट’ असेल तर ते कोण देतं, परीक्षा कोण घेतं, सर्टिफिकेटचा नंबर त्या संस्थेच्या ठिकाणी तपासता येतो का, हे विचारावं. धंदा स्वतःच्या गावात करायचा असेल तर एकही गिऱ्हाईक सर्टिफिकेट मागणार नाही; ती शेजारणीचा हात बघून येईल. कर्जाला किंवा मॉलमधल्या सलूनच्या नोकरीला मात्र सरकारी मान्यतेचा कागद उपयोगी पडतो.

पैसे भरण्याआधी एक दिवस जाऊन बसायचं. सुरू असलेल्या बॅचमध्ये, मागच्या खुर्चीवर, निदान दोन तास. एका शिकवणारीकडे किती जणी आहेत ते मोजा. सात-आठच्या वर गेल्या तर तुमच्या हाताकडे बघायला तिला वेळ नाही. सराव प्लास्टिकच्या हातावर चाललाय की माणसाच्या? प्लास्टिकचा हात आकार आणि कमान घोटायला चांगला, पण त्याला घाम येत नाही, क्युटिकल नसतं, तो ‘झालं का?’ म्हणून हलत नाही, आणि ड्रिल जास्त लागलं तर ओरडत नाही. कोर्समध्ये किती खरे सेट स्वतःच्या हाताने पूर्ण करायला मिळतील, मॉडेल कोण आणणार, हे आकड्यात लिहून घ्या. नवशिकीला पूर्ण सेटला तीन-चार तास लागतात. म्हणजे दिवसाला एकच. पाच दिवसांच्या कोर्समध्ये दहा सेटचं आश्वासन देणारीने गणित केलेलं नाही. फोटो दाखवले तर म्हणा, ‘तीन आठवड्यांनंतरचे दाखवा.’ ताज्या सेटचा फोटो कुणाचाही देखणा येतो; लावलेलं नख कडेने उचललं आहे की नाही, हे तीन आठवड्यांनी कळतं. खिडकी उघडी आहे का, पंखा धूळ तोंडावर उडवतोय की बाहेर, शिकवणारीने मास्क आणि हातमोजे घातलेत का, हे न विचारताच दिसेल.

आणि भाषा. बरेच व्हिडिओ, बरीच पुस्तकं इंग्रजी-हिंदीत आहेत. आपल्याला शंका आपल्या बोलीत विचारता येईल अशी शिकवणारी मिळाली तर हजार-दोन हजार जास्त गेले तरी हरकत नाही. ‘मले समजलं नाई, परत दाखवा’ हे म्हणायला लाज वाटली की शिक्षण तिथेच अडतं. ऑनलाइन कोर्सबद्दल माझं मत यातच आलं: डिझाइन शिकायला उत्तम, पहिलं शिक्षण म्हणून नको. ब्रशवरचा दाब पडद्यातून कळत नाही.

फीमध्ये किट ‘फ्री’ असतं तेव्हा ते फीतच धरलेलं असतं. किटमधल्या वस्तूंची यादी कंपनीच्या नावासह मागावी आणि तीच बाजारात किती पडते ते पाहावं. किट वगळून फी किती, हा प्रश्न विचारायला संकोच नको. फीवर जीएसटी वेगळा आहे का, हप्ते आहेत का, आजारपणात बुडालेले दिवस पुढच्या बॅचमध्ये भरून मिळतात का, सोडलं तर किती परत मिळतं, हे सगळं पावतीवर किंवा निदान मेसेजवर लेखी असावं. फसवणूक झालीच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा नंबर आहे, आणि तिथेही पहिल्यांदा पावतीच मागतात. जाण्यायेण्याचा खर्च मोठा वाटतो, पण मार्च 2023 पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. रोज अपडाऊन करून महिन्याचा कोर्स करणं अमरावतीत खोली घेण्यापेक्षा बहुधा स्वस्त पडतं. सहाची शेवटची गाडी आणि साडेसहाला सुटणारा क्लास, असला मेळ मात्र आधी बघून घ्या.

बाहेरच्या माहितीपत्रकात आपल्या मुलखाचं काही नसतं. वऱ्हाडचा मे महिना घ्या. पारा 44-45 वर, टिनाचं छत, लाइन केव्हा जाईल त्याचा नेम नाही. उष्णतेत ॲक्रिलिकचा मणी बसवायच्या आधीच घट्ट होतो आणि जेल पातळ होऊन कडेच्या कातडीत उतरतं, म्हणजे पुन्हा ॲलर्जीची वाट. कूलर लावला तर दमट हवेने पकड सैल होते. जेलची डबी खिडकीजवळ उघडी राहिली तर उन्हानेच आत घट्ट होऊन बसते. ॲसिटोन 56 अंशांना उकळतं आणि त्याची वाफ जमिनीलगत पसरत जाते; ओट्यावर गॅस पेटलेला आणि शेजारच्या खोलीत रिमूव्हल, हे घरगुती पार्लरमध्ये सर्रास दिसतं आणि ते आगीला आमंत्रण आहे. शक्य असेल तर कोर्स उन्हाळ्यात करावा असं मी म्हणेन. ज्या दिवसांत काम बिघडतं, त्याच दिवसांत शिकवणारी शेजारी हवी. शिवाय लगनसराई तेव्हाच असते आणि मॉडेल म्हणून बसायला मुली आनंदाने तयार होतात.

लगनसराईचंही एक शास्त्र आहे. मेंदीत निलगिरीचं तेल, हळदीत तेल. तेलकट नखावर जेल धरत नाही. फिकट रंगाचं किंवा पारदर्शक जेल हळदीने पिवळं पडतं. नवरीची नखं मेंदीच्या आधी करायची की हळद उतरल्यावर, वरचा थर कधी बदलायचा, रंग कुठला सुचवायचा, हे मुंबईच्या मॅमला विचारून उपयोग नाही. लग्नघरांत काम केलेल्या इथल्या पार्लरवाल्या ताईला विचारावं. तिच्याकडे कोर्सनंतर दोन-तीन महिने हाताखाली राहिलं तर फीइतकंच शिकायला मिळतं, कधी जास्तही.

आणि रोजची गिऱ्हाइकं? पऱ्हाटीत कापूस वेचणाऱ्या बाईला लांब नखं परवडत नाहीत. वाळलेल्या बोंडांची टोकं बोटांत घुसतात, नखं मुळातून दुखतात. भाकरी थापणाऱ्या हातालाही ती अडचणच. दवाखान्यातल्या नर्सला, पोषण आहार शिजवणाऱ्या ताईला ती चालत नाहीत. या सगळ्यांना हवी ती टाचांच्या भेगांची निगा, दुखरं नख नीट कापून देणं, सणाला साधं पॉलिश. म्हणून पहिला कोर्स मॅनिक्युअर-पेडिक्युअर आणि जेल पॉलिशचा, लावणं आणि काढणं दोन्हींसह, नीट वेळ देऊन करावा. सहा महिने त्यावर हात बसवावा. मग एक्स्टेन्शनचा दुसरा कोर्स. एकदम ‘मास्टर कोर्स’ घेणाऱ्यांचं ड्रिल मशीन पुढे कपाटात पडून राहिलेलं मी पाहिलं आहे.

एक वाट मात्र गावातूनच मोठ्या बाजाराला जोडते: प्रेस-ऑन नखं. तयार टिप्सवर जेलने नक्षी करायची, गिऱ्हाइकाच्या दहा बोटांचं माप घ्यायचं आणि डबीत घालून पोस्टाने किंवा कुरिअरने पाठवायची. समोर कुणी ताटकळत बसलेलं नसतं, गिऱ्हाइकाच्या कातडीला कच्चं जेल लागत नाही, लाइन गेली तर काम उद्यावर ढकलता येतं. हात सावकाश पण कलेचा असलेल्या मुलीने कोर्समध्ये हे शिकवतात का ते जरूर विचारावं.

सुरुवातीला दुकान घेऊ नये. घरातली उजेडाची, वारा खेळता असलेली खोली पुरते. मोजकीच माणसं असतील तर महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार नोंदणीऐवजी ऑनलाइन सूचना देणं पुरतं. उद्यम नोंदणी फुकट होते, तिच्यासाठी कुणाला पैसे देऊ नयेत. मुद्रा योजनेतल्या शिशू गटात पन्नास हजारांपर्यंतचं कर्ज विनातारण मिळतं, आणि पहिल्या वर्षाला ते भरपूर होतं. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात, म्हणजे पीएमईजीपीत, ग्रामीण भागातल्या बाईला प्रकल्पाच्या 35 टक्के अनुदान आहे, पण तो मोठा प्रकल्प; गिऱ्हाइकांची वही दोनशे नावांपर्यंत गेल्यावर त्याचा विचार करावा. मुद्राच्या पैशातून पहिली खरेदी टेबल-खुर्चीची किंवा पाटीची करू नये. आधी छोटा ऑटोक्लेव्ह, मग जेलच्याच कंपनीचा दिवा, बाहेर हवा फेकणारा पंखा, आणि फाइलींचा मोठा गठ्ठा.